नऊ निळ्या मेंढ्या

फाटक उघडायच्या आधीच तिला ते दिसलं, आणि हातातली पिशवी धप्पकन खाली पडली.

निळा! तिच्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर चांगला तळहाताएवढा निळा डाग! शेजारच्या मेंढीवरही... तिच्या मागचीवरही... मोजता मोजता ती नऊवर आली.

आता मेंढीला रंग लागला तर त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर! हंगामात मेंढ्याच्या छातीला पट्ट्यानं रंगाची वडी बांधतात. ज्या मेंढीशी त्याचं जुळलं, तिच्या पुठ्ठ्यावर तो रंग उमटतो. हिच्या घरचा रंग लाल. निळा होता कुंपणापलीकडच्या मास्तरचा, आणि मास्तरचा मेंढा कुठल्याही बाजारात मिळेल असला साधा, पांढरा, गलेलठ्ठ.

हिच्या मेंढ्या मात्र चारशिंगी. काळ्याभोर, डोक्यावर खरोखरच चार शिंगं, पणजोबांपासून जिवापाड जपलेल्या. साऱ्या मुलखात मिळून साठ उरल्या होत्या. त्यातल्या चौदा हिच्याकडे, आणि त्यांतल्या निम्म्या तर म्हाताऱ्या, शेवटच्या वेताच्या. त्यांच्या पोटी भेसळीची कोकरं आली तर पुढे ही जात राहणार कुणाच्या जिवावर? बहिणीच्या बाळंतपणाला पाच दिवस काय गेली, मागे सगळा सत्यानाश!

घरात तिला ठिणगी म्हणत, ते काही उगाच नाही. बाबांना हाकही न मारता ती कुंपणावर चढली आणि थेट मास्तरच्या अंगणात उतरली.

मास्तर बादल्या घासत होता. शाळेतली गणिताची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो काकांच्या मेंढ्या सांभाळायला आला, पण नाव पडलं ते पडलंच. उंच, सडपातळ, बोलायला लागला की कानाच्या पाळ्या लाल होणारा. एरवी त्या लाल पाळ्या बघायला ठिणगी दिवसातून दोनदा तरी काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी यायची. आज मात्र डोळ्यांत नुसता अंगार.

"कुठे आहे तुझा मेंढा?"

त्याच्या हातातली बादली निसटली. "अं... तू?"

"काय तू?"

"नाही, म्हणजे... दोन वर्षांत पहिल्यांदाच 'तू' म्हणालात."

"जळलं मेलं ते तू! माझ्या नऊ मेंढ्या निळ्या झाल्यात, नऊ!"

"हो, त्याचं असं झालं की—"

"हो? वर हो म्हणताय?"

"अहो, मला जरा बोलू—"

"काय बोलणार? लाज नाही वाटत?" आणि मग तिला रडूच फुटलं. "संपलं हो सगळं... आता पुढच्या वर्षी कुठून आणू मी कोकरं?"

तिला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ओले हात शर्टाला पुसत तो घाईघाईनं म्हणाला, "तो तुमच्याच मेंढ्याचा रंग आहे! तुमची लाल वडी पावसात भिजून तिचा चिखल झाला. तुमचे बाबा मागायला आले, मी माझी निळी दिली. आईशप्पथ!"

ठिणगी आ वासून बघत राहिली. रडू अर्ध्यावरच थांबलं. ती उपड्या बादलीवर मटकन बसली. म्हणजे जात वाचली! नऊच्या नऊ सुखरूप! आणि आपण मात्र इतका वेळ या बिचाऱ्याला...

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगू दिलंत कुठे!"

तिला हसू आलं. नाक ओढत ती म्हणाली, "आणि तुमच्या मेंढ्याला कुठला रंग बांधलात?"

मास्तर पुन्हा बादली घासायला लागला. कानाच्या पाळ्या लाल.

"अहो, विचारतेय मी."

"मला... लागणार नाही यंदा."

ती उठली आणि चार ढांगांत घरामागच्या, मेंढ्याच्या खोपटापाशी पोचली. दार सताड उघडं. गव्हाणीत काडी नाही, दावं खुंटीला गुंडाळलेलं.

"मेंढा कुठाय?"

"बहिणीच्या सासरी. डोंगरापलीकडे. तीन आठवडे झाले."

"ऐन हंगामात? वेड लागलंय का तुम्हाला? आणि तुमच्या सव्वीस मेंढ्या?"

"राहतील रिकाम्या. एक वर्ष काही नाही..." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गेल्या महिन्यात त्यानं कुंपणाची फळी मोडली होती. तुम्ही धावत आलात ना... त्या वेळी तुमचा चेहरा असा पांढराफटक पडला होता. तो मला पुन्हा बघवला नसता. म्हणून... पाठवून दिला."

सव्वीस मेंढ्यांचं अख्खं वर्ष या माणसानं तिच्यासाठी पाण्यात घातलं होतं, आणि वर अवाक्षर नाही! तिनं खुंटीवरचं दावं काढून हातात घेतलं.

"आमच्या मेंढ्यांचं उरकलं की," ती म्हणाली, "आमचा चारशिंगी मेंढा येईल तुमच्याकडे."

आता आ वासायची पाळी मास्तरची. "अहो पण... संशोधन केंद्रातले लोक हातापाया पडले, तरी नाही दिलात तुम्ही तो!"

"नाहीच दिला. पण एक आहे... परक्या ठिकाणी तो वैरणीला तोंड लावत नाही. मलाच भरवावं लागतं."

"म्हणजे रोज कुंपण ओलांडून यायला लागणार तुम्हाला?"

"छे, रोज रोज कोण चढणार!" ती भलतीकडेच बघत म्हणाली. "एकदाच येईन म्हणते."

"एकदाच? मग बाकीचे दिवस त्याला..." तो थांबला. तिच्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. "एकदाच... म्हणजे...?"

"गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

त्याच्या कानांपासून सुरू झालेली लाली गळ्यापर्यंत उतरली. मग हळूच, जन्मात पहिल्यांदाच एवढं धाडस करत असल्यासारखा तो म्हणाला, "मेंढा महिन्यानं परत आणून देईन बाबांना. तुला मात्र परत नाही पाठवणार."