नऊ दिवसांचं शून्य

नऊ दिवसांत पहिल्यांदाच मला उशीर झाला होता. रात्रभर पाऊस कोसळलेला, गच्चीवरचं पाऊस मोजायचं भांडं काठोकाठ. काचेचं माप दोनदा भरून झालं, तिसऱ्यांदा ओतत होते, तेवढ्यात मागून आवाज आला —

"म्हणजे चोर तुम्ही!"

दारात पाहुणे उभे. चष्म्यावर थेंब, काखेत सरांची लाल वही.

पाहुणे म्हणजे आमच्या भूगोल विभागात वर्षभराच्या करारावर आलेले प्राध्यापक. नाव सरांनीच ठेवलेलं. सरांच्या हाताखाली मी शिकले, मग सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकवलं. एकतीस वर्षं रोज सकाळी आठला सर गच्चीवर येऊन पाऊस मोजत. शेवटचे चार दिवस ते दवाखान्यात होते, तेव्हा शिपाईमामांनी मोजला. मग सर गेले. पुढे कोण, हे कोणी विचारलंच नाही. कार्यालयातून दुसरी किल्ली घेऊन मी येऊ लागले. आठला माझा तास, म्हणून पावणेआठला. मोजायचं, भांडं रिकामं करायचं, डायरीत लिहायचं. सरांची वही कुठे गेली, तेवढं कळत नव्हतं.

"ही तुमच्याकडे?"

"सरांच्या घरून, काकूंनी दिली. गच्चीच्या किल्लीसकट. रोज आठच्या ठोक्याला येतो मी."

मी वही उघडली. नऊ दिवस, नऊ शून्यं! वळणदार अक्षरात, खाली सही.

"अहो, बाहेर धो धो पडत होता... आणि तुम्ही शून्य लिहिलंत?"

"भांडं कोरडं होतं, तर काय लिहू? सरांनी बजावलं होतं, आभाळाकडे बघायचं नाही, भांड्यात असेल तेच लिहायचं." चष्मा पुसत ते पुढे म्हणाले, "भांडं गळतंय असं वाटलं. घरी नेऊन बादलीत बुडवून पाहिलं. हरिश्चंद्राच्या वरताण सचोटीनं नऊ दिवस खोटं लिहितोय मी!"

मला हसू फुटलं. सर गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसताना ते माझ्याकडे बघतायत, हे भांड्यात बघूनही मला कळत होतं.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये वही आणि डायरी शेजारी ठेवून बसलो.

"खोडरबरानं पुसा," मी म्हटलं. "कोणाला कळणारे?"

"एकतीस वर्षांत सरांनी एक आकडा पुसलेला दाखवा." त्यांनी पट्टी घेतली. प्रत्येक शून्यावर एक बारीक रेघ, शेजारी माझा आकडा, दोघांच्या सह्या. शेवटी 'कारण' असा रकाना होता. पेन घुटमळलं... मग त्यांनी लिहिलं — 'दोन निरीक्षक एकमेकांना न भेटल्यामुळे.'

"हे सरकारी वाटत नाही," मी म्हटलं.

"खरं तर आहे ना?"

त्यानंतर आम्ही रोज पावणेआठला भेटू लागलो. माप डोळ्यांच्या रेषेत आणायला सर गुडघे वाकवून खाली बसत. 'वाकल्याशिवाय खरं दिसत नाही,' असं म्हणत. त्यांचं बोलणं असंच होतं. तास पावसावर सुरू व्हायचा आणि कीर्तनासारखा पूर्वरंग संपून उत्तररंग कधी लागला, ते कळायचं नाही. घंटा झाली तरी मुलं उठत नसत. आता मापापुढे आम्ही दोघंही वाकायचो. कपाळं एकमेकांना लागता लागता राहायची.

"अठरा."

"साडेअठरा. तुमचं डोकं मध्ये येतंय."

"मग बाजूला करा... हातानं."

मी केलं नाही. पण घरी जाईपर्यंत हात तेच ठरवत होता.

दीड महिन्यानं एका सकाळी पाहुण्यांच्या खिशातून पाकीट निघालं. दुसऱ्या विद्यापीठात कायमची नोकरी, सहा तासांच्या अंतरावर. उत्तर शुक्रवारपर्यंत.

"अभिनंदन," मी म्हटलं. आवाज अगदी कोरडा होता. त्याचं मला कौतुकही वाटलं.

"एवढंच?"

"पेढ्यांची वाट बघतेय."

ते शुक्रवारी सकाळी आले आणि गच्चीची किल्ली माझ्यापुढे धरली. "आजच होकार कळवतो. ही तुमच्याकडे राहू द्या."

मी किल्ली घेतली नाही.

सर दवाखान्यात होते ते चार दिवस मी पेपर तपासत होते. रोज मनाशी म्हणायचे, उद्या भेटायला जाईन. तुम्ही नसतात तर मी शिकलेच नसते, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पाचव्या दिवशी फोन आला. ते वाक्य शोकसभेत चाळीस माणसांपुढे बोलले, नीट, न अडखळता. ज्यांना सांगायचं होतं, ते सोडून सगळ्यांनी ऐकलं.

"पाहुणे," मी म्हटलं, "जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कायमची नोकरी आहे, जा. पण... विचारून जा."

"काय विचारू?"

"दीड महिना रोज पावणेआठला जे विचारायचं टाळताय, ते."

पाऊस भुरभुरत होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार, प्राध्यापक?"

त्यांनी विचारलं. चार शब्दांत, तेही अडखळत. मी हो म्हटलं.

बराच वेळ आम्ही दोघंही समोरच्या इमारतीकडे बघत राहिलो. जणू तिथंच काही घडलं होतं.

"तुमच्या आईंना भेटायला कधी येऊ?"

"रविवारी. आणि छत्री घेऊन या. ओल्या माणसाला आई दारातच उभं करते."