झिव्काच्या मनगटावरचा दोरा

ही गोष्ट खरी आहे. जिच्यासमोर घडली ती रायना माझी मावसबहीण. आमच्या रूसे गावात, डॅन्यूबकाठच्या इस्पितळात, ती अतिदक्षता विभागात परिचारिका होती.

मार्चमधली संध्याकाळ. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

झिव्का नुकतीच बाळंत झालेली. जंतू रक्तात भिनले होते. रक्तदाब औषधांवर कसाबसा धरून ठेवलेला. मनगटावर तिच्या नेदेल्याआजीने निरोगी राहावी म्हणून बांधलेला मार्चचा लाल-पांढरा दोरा. पहिला करकोचा दिसेपर्यंत तो काढत नाहीत. कापत तर कधीच नाहीत.

पण हात सुजला आणि दोरा मांसात रुतला. रायनाने कात्री घेतली.

"कापू नकोस गं पोरी," पायांत लोकरी मोजे घातलेली आजी दारातून म्हणाली. तिच्याही मनगटावर तसाच दोरा होता. "सैल कर."

"गाठ सुटत नाहीये, आजी. हात जाईल तिचा."

"मग मलाच येऊन दुसरा बांधावा लागेल."

"आत यायचं नाही हं! बाकावर बसा."

"बसते बाई. रक्त लागलं तर माझं घ्या. जुनं आहे, पण मुरलेलं आहे!"

रायना हसली. दाराला आतून कडी घातली. दोरा कापला.

आणि…

सुई टोचलेल्या प्रत्येक जागेतून रक्त झिरपू लागलं. हिरड्यांतून. नाकातून. बोटांची टोकं मात्र काळी पडत चालली.

"आत गुठळ्या होतायत आणि बाहेर रक्त थांबत नाही!" पलंगापाशी उभे असलेले डॉक्टर कोलेव्ह ओरडले. "प्लाझ्मा चढवा!"

पिशव्यांवर पिशव्या चढल्या. रक्तदाब घसरतच राहिला. डॉक्टर आता झिव्काच्या चेहऱ्याकडे बघेनात.

रायना पिशवी बदलायला वळली…

मागे लोकरी मोज्यांची पावलं घासली.

कोणीच नव्हतं.

झिव्काच्या दुसऱ्या मनगटावर लाल-पांढरा दोरा होता. सैल बांधलेला.

"डॉक्टर, आजी आत आली होती?"

"वेडी आहेस का? कडी बघ."

कडी तशीच होती.

हळूहळू रक्त थांबलं. रक्तदाब सावरला.

रायना सांगायला बाहेर धावली. आजी बाकावरच होती… मान कललेली. अंग गार.

तिच्या मनगटावर दोऱ्याचा नुसता वळ उरला होता.

झिव्का वाचली. दोन बोटांची टोकं तेवढी गेली. आजीचा दोरा काढायची तिची आजवर छाती झालेली नाही. करकोचे यायच्या दिवसांत ती वर बघतच नाही.

परवा ती रायनाला भेटली.

"अजून सैलच आहे ना गं?" रायनाने विचारलं.

झिव्काने बाही खाली ओढली.

"नाही, ताई. दर मार्चला थोडा थोडा रुततोय…"