अप्पांच्या गेमची फळी

मोटारसायकलीच्या नंबरप्लेटा, टेम्पोच्या काचेवरची नावं, स्कूलबसचे पट्टे, असल्या कामांत किरणकुमारचा दिवस कसा जायचा ते त्यालाच कळायचं नाही. बसवकल्याणात त्याचं रेडियमचं दुकान. पण त्या आठवड्यात त्यानं आलेल्या गिऱ्हाइकांना सरळ वाटेला लावलं. काम घरचं होतं, आणि ते बिघडून चालणार नव्हतं.

काम होतं अप्पांचं, त्याच्या वडिलांचं. अप्पांनी उमेदीची सगळी वर्षं बसस्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान चालवलेलं. पोरं शाळा बुडवून तिथं पडीक असायची आणि त्यांच्या आया अप्पांच्या नावानं बोटं मोडायच्या. उन्हाळ्यात अप्पांना लकवा मारला, उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा, नाहीतर हात कायमचा गेला म्हणून समजा. दाबायला रबरी चेंडू दिला, तर अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांनी जेवण तोडलं, बोलणंही जवळजवळ सोडलं. हाताबरोबर माणूसही चालला होता, आणि घरात हे सगळ्यांना दिसत होतं.

थोरला भाऊ सोमशेखर निर्णा गावात मोटार वाइंडिंग करतो. डोकं त्याचं. चेंडू नको तर नको, आपण अप्पांना गेमच बनवून देऊ, म्हणाला. जुना टीव्ही, आत बसवायचं गेमचं कार्ड, हैदराबादहून मागवलेली बटणं आणि जॉयस्टिक, सगळं त्यानं जमवलं. मांडीवर घेऊन खेळता येईल अशी एक रुंद सागवानी फळी आणली, तिला भोकं पाडली, आणि वरची सजावट किरणवर सोपवून तो गावी गेला.

किरणनं जीव ओतला. अप्पांच्या दुकानाच्या शटरवर रंगवलेले दोन वाघ असायचे, ते त्यानं फळीच्या दोन टोकांना बसवले. जॉयस्टिकभोवती रॉकेट, प्रत्येक बटणाभोवती झेंडूचं फूल, मागं गर्द निळं आभाळ. कॉम्प्युटरवर दाखवलं तेव्हा अप्पांनी कितीतरी दिवसांनी मान हलवली. ज्योती, त्याची बायको, आत जाऊन डोळे पुसून आली.

भोकांची जागा अचूक मिळावी म्हणून त्यानं फळीवर कागद पसरून वरून आडवी पेन्सिल घासली. ही त्याची नेहमीची रीत. भोकं गोल उमटली. पण बटणांच्या मधोमध आणखी काहीतरी उमटलं. तळवा... आणि पसरलेली बोटं. लाकूड तेवढ्या जागीच झिजलेलं होतं. सुताराचा हात लागत असेल, असं स्वतःला समजावून त्यानं स्टिकर छापायला लावलं.

दुपारी चिकटवायला बसला. साबणाचं पाणी मारलं, प्लास्टिकच्या पट्टीनं हवा बाहेर ढकलू लागला. रोजचं काम हो, झोपेतही करेल! पण झेंडूच्या फुलांखाली हवा राहिली ती राहिलीच. इकडून ढकलली की तिकडून वर यायची. बघता बघता पाच लांबट फुगे शेजारी शेजारी उभे राहिले, खाली एक रुंद फुगा. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या हॉटेलात भजी तळत होती, आणि किरणच्या पाठीला घाम फुटला होता. त्यानं टाचणी घेऊन एक फुगा फोडला. वास आला. विभूतीचा, कुजक्या फुलांचा, नुकत्या उकरलेल्या मातीचा.

त्यानं भावाला फोन लावला. फळी कुठली, एवढंच विचारलं.

सोमशेखरनं काही लपवलं नाही. लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे वारला, की त्याला बसवून नेतात. ज्यात बसवतात त्याला विमान म्हणतात. निर्ण्याच्या विमानाला पुढं एक आडवी फळी होती. मान खाली पडू नये म्हणून देह टेकवायचा, हात त्या फळीवर ठेवून बांधायचे. यंदा गावानं नवं विमान केलं, जुन्याचं लाकूड पडून होतं.

"सागवान हाय, वाया कामून घालवायचं?" सोमशेखर म्हणाला. "आपण बसवण्णांचे शरण लोक. आपल्यात सुतक हाय का?"

किरणच्याही गळ्यात लिंग होतं, आणि बसव जयंतीला व्यासपीठावरून तो स्वतः हेच बोलला होता.

"शेवटी कुणाला नेलं त्यात?"

"रत्नम्माला. बांगड्या भरायची ती... तुझ्या लग्नात ज्योतीचा चुडा भरलेली."

फळी परत पाठवायची, असं ठरवूनच तो घरी आला. पण अप्पा उशीला टेकून वाटच बघत होते. डोळे त्याच्या हातातल्या फळीच्या पिशवीवर. त्या डोळ्यांपुढं त्याचा निश्चय टिकला नाही. त्यानं बटणं, जॉयस्टिक बसवून फळी अप्पांच्या मांडीवर दिली, टीव्ही लावला, लुळा हात उचलून बटणांवर ठेवला.

बोटं हलली.

आधी एक, मग सगळी. पडद्यावरचं विमान गोळ्या मारत सुटलं. किरणला रडू फुटलं, आनंदाचं आणि भीतीचं, दोन्ही. फक्त अप्पा हसत नव्हते. ते आपल्याच हाताकडं टक लावून बघत होते.

ज्योती चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली तसा अप्पांचा उजवा हात बटणांवरून उठला आणि त्यानं तिचा हात धरला. अंगठा तळव्यात दुमडला. बोटांची मुळं दाबून दाबून हात मऊ केला, निमुळता केला. बांगड्या भरणाऱ्या बायकाच असा हात दाबतात. ज्योतीला तो दाब ओळखू आला असावा, कारण ती ओरडलीसुद्धा नाही.

"अप्पा... सोडा," ती म्हणाली.

"मी न्हाई धरलेला..." अप्पा पुटपुटले.

किरणनं फळी हिसकावली. तशी बोटं सुटली आणि हात लाकडासारखा गादीवर पडला. ज्योतीच्या मनगटात एक हिरवी बांगडी जास्त होती. थंडगार. साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं, ती काही निघेना.

किरण फळी घेऊन दाराकडं वळला. अंगणात नेऊन जाळायची, दुसरा विचार नाही. मागून अप्पांचा आवाज आला.

"आण ती... इकडं."

"अप्पा, तो हात तुमचा न्हाई."

"माझा न्हाई म्हणून काय झालं... हात तर हाय." अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला मातीत घालायलास का रे तू... आत्तापासून?"

किरणनं ज्योतीकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. मग बापापुढं दुसरं काही करता येतं का कुणाला? त्यानं फळी परत मांडीवर ठेवली.

बोटं जागी झाली. पण या वेळी ती बटणांकडं गेलीच नाहीत. हात फळीवर उताणा झाला, ज्योतीच्या बाजूला वळला, आणि शांतपणे, सवयीनं, तिचा दुसरा हात मागू लागला.