अकरा मिनिटांचं भाषण

रेल्या तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला होता.

"प्लेअर पुन्हा अडकतोय?" त्याने बूट काढत विचारलं.

"अडकत नाही, उडी मारतोय. नेमकी तिथेच."

मी पाहुण्यांच्या सपाता त्याच्यापुढे सरकवल्या. सर्बियातल्या आमच्या वाल्येवो गावात रेल्या आठवडाभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि शनिवारी लग्नांचं शूटिंग करतो. माझ्या भावाचं, लाझारचं लग्नही त्यानेच टिपलं होतं. त्याची डीव्हीडीची तबकडी चर्चपर्यंत नीट चाले, नाचापर्यंत नीट चाले. मग नवरीचे वडील रादोवान पेला उचलून घसा खाकरत, चित्राचे चौकोन होत, आणि एकदम केकच दिसे. अकरा मिनिटांचं भाषण गायब!

आणि रविवारी रादोवानकाका ते भाषण पाहायलाच जेवायला येणार होते.

"व्याह्यांना वाटेल, आपण मुद्दाम गाळलं," देसांका आत्या म्हणाली आणि तबकडीवर घरच्या राकियाचे चार थेंब टाकून ती घासू लागली. सर्दी, गुडघे, खिडकीच्या काचा... आमच्याकडे सगळ्यांना औषध एकच, आलुबुखाराची ही दारू.

रेल्याने आधी प्लेअरवरचा लोकरी रुमाल उचलला. "आत्या, याला श्वास घेऊ द्या."

"तो विणायला मला अख्खा हिवाळा लागलाय."

त्याने आतली काच कापसाने पुसली, डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. मग माझ्याकडे वळला. "तबकडी गोल गोल पुसायची नाही. मधून बाहेर. अशी..."

त्याने माझं बोट धरून दाखवलं. पुसायचं कसं ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बराच वेळ शिकत राहिले. लग्नापासून तो मला आवडत होता, आणि हा बाबा प्लेअरशिवाय कशावर बोलत नव्हता.

तबकडी पुन्हा तिथेच उडाली. मी दुसरी घालून पाहिली, ती सुरळीत चालली. म्हणजे प्लेअर बिचारा निर्दोष. आमची तबकडी उजेडात धरली, तर तिच्यावर लांबलचक ओरखडा.

"तुझ्याकडची मूळ प्रत आण," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. "ती... शोधावी लागेल."

"रविवारपर्यंत शोध. नाहीतर लाझारच्या सासरी आमचं नाक कापलं जाईल."

"तियाना, ती पाहिलीस तर तू माझ्याशी बोलणार नाहीस."

मला वाटलं, भाषण चालू असताना याला झोप लागली असणार.

रविवारी जेवणं झाल्यावर तो आला, मूळ प्रत लावली आणि बूट न काढता दाराशीच उभा राहिला. रादोवानकाका ऐसपैस बसले. पडद्यावरचा पेला उचलला गेला, घसा खाकरला गेला. आवाज सुरू झाला, आणि चित्रात आले मी.

कोबीत गुंडाळलेला खिमा बोटांनी खाणारी मी. ट्रम्पेटवाल्याशी भांडणारी मी. टेबलाखाली बूट काढून पाय चोळणारी मी. अकरा मिनिटं! धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"मी कुठे आहे?" रादोवानकाकांनी विचारलं.

"तुम्ही... डावीकडे होतात," रेल्या पुटपुटला. "कॅमेरा एकच होता. वळवायचं राहून गेलं. मग लाज वाटली, म्हणून तबकडी दिल्यावर दुसऱ्या दिवशी इथे येऊन ओरखडा मीच काढला, किल्लीने."

"ठाऊक आहे," आत्या पेले भरत म्हणाली. "तबकडी आली त्याच दिवशी मी सगळं पाहिलं होतं. दोघांपैकी एक तरी तोंड उघडेल म्हणून याला बोलावत राहिले. राकिया मात्र फुकट गेली."

रादोवानकाकांनी खुर्ची रेल्याकडे वळवली.

"पोरा, चांगला नवरा कसा असावा, यावर मी अकरा मिनिटं बोललो. एक तरी शब्द ऐकलास?"

"नाही, काका."

"मग बूट काढ आणि आत बस. पुन्हा सांगतो."

मी उठले. पाहुण्यांच्या सपाता तिथेच राहू दिल्या, आणि घरच्या माणसांच्या कप्प्यातल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या.