कोलाच्या डब्यातली बकरी

"थांब! डबा खडखडतोय!" लासिना ओरडला.

पेंडाने सायकलचा ब्रेक असा दाबला, की मागे कॅरियरवर बसलेली मिनाता तिच्या पाठीवर आपटली.

"फिल्म खडखडत नसते," पेंडा म्हणाली. "हलव पुन्हा."

लासिनाने आपली सायकल झाडाला टेकवली आणि डबा कानाशी धरून हलवला. खड! खड! खड!

तिघांचे चेहरे उतरले. सुट्टी लागल्यापासून त्यांचं एकच काम चाललं होतं: सिनेमा! शाळेच्या फिल्म मंडळाचा चावीचा कॅमेरा, काळ्या-पांढऱ्या फिल्मचं एकुलतं एक रीळ आणि तीन मिनिटांची गोष्ट. चोर बकरी काळी, पोलीस बकरी पांढरी. दिग्दर्शक पेंडा, कॅमेऱ्यामागे लासिना, आणि दोन्ही बकऱ्या ओढायचं काम त्याची बहीण मिनाता हिच्याकडे. आज संध्याकाळच्या गाडीने मंडळाचे मास्तर राजधानी वागाडुगूला निघणार होते, आणि तिघं त्यांना रीळ द्यायला स्टेशनवर चालली होती. तिथून रीळ धुवायला पॅरिसला जायचं होतं.

"त्यात काय! पुन्हा काढू," मिनाता म्हणाली.

"कशावर काढू? तुझ्या डोक्यावर? आणि चोर कुठून आणू?" लासिना म्हणाला.

चोर बकरी गेल्या शुक्रवारी शेजारच्या बारशात शिजली होती. तिघांनीही जेवताना डोळे पुसले होते, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

"आणि माझी चिकटपट्टी कुठाय?" पेंडाने डबा फिरवून पाहिला. "मी अख्खं बंडल गुंडाळलं होतं!"

"उघडून बघू का?"

"खुळा आहेस? आत फिल्म असली तर? उजेड लागला की सगळी काळीठिक्कर! चोर नाही, पोलीस नाही, नुसता कोळसा!"

शेवटी मास्तरांना परत द्यायची ती दोन बाह्यांची जाड काळी पिशवी कामाला आली. कॅमेऱ्यात फिल्म भरायची ती, आत उजेड न शिरणारी पिशवी. लासिनाने डबा आत सारला, बाह्यांतून हात घातले आणि झाकण काढलं.

"काय लागतंय?"

"गोल... गार... पुष्कळ आहेत..." त्याने एक बाहेर काढून हुंगलं. "कोला! कोलाच्या पांढऱ्या बिया! मुलगी मागायला नेतात त्या!"

मग तिघंही एकदम ओरडली, "सिबिरी काकाची मागणी!"

लासिनाचा सिबिरी काका थिएटरच्या दारात तिकिटं फाडायचा. त्यामुळे त्यांच्या घरात साखर, साबण आणि काकाचे रविवारचे मोजे, सगळं फिल्मच्या रिकाम्या डब्यांतच राहायचं.

तिघं घरी पोचली तेव्हा काका नवा शर्ट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होता. नवऱ्या मुलाने स्वतःच्या मागणीला जायचं नसतं. त्याने घरी थांबून घाम पुसायचा असतो.

"काका, कोला म्हणून कुठला डबा दिलास?"

"ओट्यावरचा. वहिनीने काय झकास बांधून ठेवला होता! नुसती पट्टीच पट्टी! दादा तो घेऊन दियुलासोबा वस्तीत, मुलीच्या घरी गेलेसुद्धा."

"ती पट्टी पेंडाची! त्यात आमची बकरी आहे!"

काका मटकन खाली बसला. "मी मुलीच्या आजोबांना बकरी पाठवली?"

"बकरीची फिल्म!"

"हे तर त्याहून वाईट," काका म्हणाला. "बकरी निदान खाता येते."

आता तो डबा भर उन्हात, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर उघडणार होता! पेंडाने हुकूम सोडले. "मिनाता, स्टेशनवर पळ! मास्तरांना अडकव. विचार, फ्रेंच व्याकरणात इतके अपवाद का असतात."

"आणि गाडी सुटली तर?"

"उत्तर संपल्याशिवाय मास्तर चढायचे नाहीत!"

दोन सायकली दियुलासोबाच्या बोळांतून सुटल्या. कोंबड्या उडाल्या, कुणाचं तरी धुणं लासिनाच्या मानेत अडकून दोन बोळ पुढे आलं. मुलीच्या घराच्या भिंतीआडून दोघांनी डोकावून पाहिलं. अंगणात चटयांवर मंडळी बसली होती. मधोमध लासिनाचे ट्रक ड्रायव्हर बाबा नखांनी चिकटपट्टी सोडवत होते. पट्टी निघत होती आणि संपत नव्हती.

"जा ना आत! तुझे बाबा आहेत," पेंडा कुजबुजली.

"म्हणूनच जात नाही! मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं तर मला ट्रकच्या टपावर बांधून नेतील!"

"सुरी आणा रे!" मुलीचे आजोबा म्हणाले. सुरी आली. ऊन तिच्या पात्यावर चमकलं.

"लासिना, मी फुलानी ना?"

"हो. मग?"

"आणि ही सगळी मंडळी बोबो?"

लासिनाचे डोळे मोठे झाले. गुराखी फुलानी आणि शेतकरी बोबो, या दोन जमातींचं जुनं थट्टेचं नातं. फुलानी केवढाही असो, बोबोच्या लग्नकार्यात घुसून दंगा करायचा आणि उठायला दंड मागायचा त्याला हक्क, आणि त्यावर रागावेल तो बोबो कसला! पण हे पेंडाने आजवर फक्त आपल्या आजीला करताना पाहिलं होतं. तरी ती आत धावली, बाबांच्या हातातून डबा हिसकला आणि त्यावर फतकल मारून बसली!

"थांबा! आम्हाला न विचारता मुलगी देता?"

सुरी हवेतच राहिली. बाबांच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या.

"कोण गं तू?" आजोबांनी खालच्या आवाजात विचारलं.

"फुलानी! सिदिबेंच्या घरची! तुमच्या मालकांची!"

आजोबांच्या मिशा हलल्या.

"अगं ताकपिते! तुमच्या गाई आमचं शेत खातात, आणि तू आता अंगण खायला आलीस?"

"गाईंचं नाव काढू नका, बोबो! तुम्ही बाजरीची दारू करता, तिचा चोथा बाहेर टाकता, आणि आमच्या गाई झिंगून घरचा रस्ता चुकतात!"

म्हाताऱ्या बायका हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. आजोबांनी डोळे पुसले. "बरं बाई, दंड सांग. कोंबडी घेऊन उठशील?"

"कोंबडी नको. हा डबा द्या. असाच. बंद!"

"आणि आमचा कोला?"

"हा घ्या!" लासिना दुसरा डबा घेऊन आत घुसला. बाबांकडे न बघता म्हणाला, "फुलानींनी पळवला होता. मी लढून सोडवला."

आजोबांनी कोला पाहिला. मग पेंडाकडे पाहिलं. "म्हणजे त्यात काहीतरी भारी दिसतंय. ऊठ, बघू तरी!" त्यांनी सुरी पट्टीला लावली.

पेंडाने डबा छातीशी घट्ट धरला. "आजोबा, आता थट्टा नाही. यात आमचा पहिला सिनेमा आहे. आत उजेड शिरला तर तो मरेल. पुन्हा काढता येणार नाही."

आजोबांनी सुरी चटईवर ठेवली.

"फुलानीला दिलेला दंड बोबो परत घेत नाही. सानू, उठा!" ते बाबांना म्हणाले. "तुमचा ट्रक काढा. मुलगी दिली असं समजा, पण पोरांची गाडी चुकली तर नाही देणार!"

स्टेशनवर मास्तर एक पाय पायरीवर ठेवून मिनाताला अपवाद समजावत होते. गाडी हलत होती. बाबांनी हात लांब करून डबा त्यांच्या छातीवर आदळला. "उघडायचा नाही!" ते गरजले. मास्तरांनी घाबरून मान हलवली आणि डबा शर्टात कोंबला.

पाऊसकाळ संपल्यावर सिनेमा परत आला. त्याच अंगणात भिंतीवर पांढरी चादर टांगली. सिबिरी काका नव्या नवरीशेजारी बसला होता, बाबा अगदी पुढे. तीन मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. काळी बकरी पळाली, पांढरी तिच्यामागे पळाली, आणि चादर पुन्हा नुसती चादर झाली.

"पोरगं माझं आहे," बाबा शेजारच्याला म्हणाले. शेजाऱ्याला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

मग सगळे आजोबांकडे बघू लागले. बोबोने चारचौघांत फुलानीचं कौतुक करायचं नसतं. आजोबांनी घसा खाकरला.

"काय भिकार सिनेमा! एवढी लबाड बकरी फुलानींच्याच घरात निपजणार! आणि ही पोर? माझा दंड घेते, माझ्याच अंगणात येते आणि मलाच रडवते! छे!"

पेंडा प्रोजेक्टरजवळून त्यांच्याकडे बघत होती.

आजोबांनी चटई ओढून भिंतीच्या अजून जवळ घेतली.

"बघत काय बसलीस, ताकपिते? परत लाव!"