तातांचे बाबा झाले

नऊ वर्षांची वल्लरी साखळकर पाण्याला 'जल' म्हणे आणि बाबांना 'तात'. वर्गात सगळे तिला 'पंडितीणबाई' म्हणत. इतकी शुद्ध भाषा हिला शिकवली कुणी, हे कोडं काही कुणाला सुटत नव्हतं.

उत्तर तिच्या हनुवटीत होतं. खालचा जबडा जन्मापासून इतका आखूड, की ओठाला ओठ टेकतच नसे. आणि ओठ न टेकता प, फ, ब, भ, म निघतात होय? करून पाहा! म्हणून ही पोरगी तसले शब्द चुकवत बोलायची.

आता डॉ. यास्मिन तांबोळींनी तिला भूल देऊन जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना कापलं होतं आणि तिथे विस्तारक (हाडाची टोकं हळूहळू दूर सारणारं चिमुकलं यंत्र) बसवला होता. रोज एक मिलिमीटर, असे चौदा दिवस. ते काम चिमटा नावाच्या यंत्रमानवाकडे होतं.

"हाड ताणता येतं?" आठव्या दिवशी तिनं विचारलं.

"जुनं हाड नाही ताणत," चिमटा म्हणाला. "टोकांमधल्या फटीत तुझं शरीर कोवळं हाड तयार करतं. ते ताणायचं. मग ते पक्कं होतं."

"दोन दिवसांचं आजच कर ना!"

घाईला कारण होतं. बाबा चांद्रतळावर (चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीत) वायरमन होते. त्यांचा फोन महिन्यातून एकदाच यायचा, आणि तो तीन दिवसांवर आला होता.

"चिक्कीचा पाक पाहिलायस? घाईनं ओढला तर तार तुटते, रेंगाळलं तर घट्ट होऊन बसतो. कोवळ्या हाडाचंही तसंच. रोज एकच मिलिमीटर. हट्ट चालणार नाही."

वल्लरी अशी चिडली म्हणता! पण गाल फुगवून बसावं, तर त्यालाही ओठ मिटावे लागतात.

रविवारी अकरा मिलिमीटर झाले होते, तीन बाकी होते. पडद्यावर बाबा दिसले. वल्लरीनं सगळा जोर लावून ओठ मिटले.

"बाबा!"

चंद्रावर आवाज जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. नीट निघाला असेल ना शब्द?

बाबांनी घाईघाईनं डोळे पुसले. "अगं, कोण बोललं ते?"

"मी!" वल्लरी ओरडली. हा शब्दही तिनं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला होता.