हलुश्कीचा आणखी एक डाव

या, जरा पुढे सरकून बसा. मागे उभे आहात त्यांनीही या, जागा होईल. आजचं आख्यान देवादिकांचं नाही, कुवेतमधल्या दोन साध्या माणसांचं आहे. पण गोष्ट गोड आहे, हे माझं वचन; आणि देव जेव्हा दोघांची गाठ घालतो तेव्हा निमित्त कशाचंही करतो, एवढं ध्यानात असू द्या.

इथं निमित्त झाली मेंढी.

रुमैथियाच्या जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, चीजच्या काउंटरपाशी सुखदा उभी होती. बाहेर हिवाळ्यातला बारीक पाऊस... ओढणीवर थेंब अजून तसेच. सालमियातल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट. अरबी तिला 'गुडघा वाकवा' इतपत येत होती. मेंढी येत नव्हती. शेवटी तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "बॅऽऽ."

काउंटरमागचा माणूस दचकला.

"गनम म्हणा, गनम," पाठीमागून कुणी मराठीत बोललं. "घाबरलंय की ते बिचारं."

सुखदा वळली. उंच, सावळा, हातात अंड्यांचा ट्रे, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू.

"तुम्ही मराठी?"

"परभणीचा. हरीश. हॉस्पिटलात एक्स-रेची मशिनं दुरुस्त करतो. तुम्ही?"

"पुण्याची."

"तरीच. बॅसुद्धा कसं शुद्ध होतं."

ती हसली — आणि हसू आवरता आवरेना.

"पण मेंढीचंच चीज कशाला लागायलंय?" त्यानं विचारलं, आणि पाऊस थांबेपर्यंत दोघं दाराशी उभे राहून बोलत राहिले.

झालं होतं असं. सुखदाच्या कुवेती पेशंट असमाखाला, खाला म्हणजे मावशी, गुडघ्यांच्या उपचारासाठी स्लोव्हाकियातल्या गरम झऱ्यांच्या गावी गेल्या, आणि सोबत हिला घेऊन गेल्या. सुखदा माळकरी घरातली. पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोबीचं आंबट सूप आलं, त्यातही धुरावलेलं मांस. पोरगी नुसता पाव चावत बसली. ते तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी पाहिलं. आनिच्का त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वाफाळता वाडगा पुढ्यात ठेवला. हलुश्की! कच्चा बटाटा किसून, पिठात कालवून, उकळत्या पाण्यात सोडलेले इवले इवले गोळे. वर मेंढीचं खारट, आंबूस, विरघळत चाललेलं चीज. बाकीच्यांच्या वाडग्यात वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे. हिच्यासाठी मात्र वेगळ्या कढईत परतलेला लालसर कांदा, आणि जोडीला आंबट ताक.

"पहिला घास जरा उग्र लागला," सुखदा सांगत होती. "दुसऱ्याला कळलं, हे कुणाच्या तरी आईच्या हातचं आहे."

डुक्कर खालांनाही चालत नव्हतं. तेव्हा त्याही हिच्याच वाडग्यातलं जेवल्या. देवाच्या दोन लेकी, एकच कढई! आणि संध्याकाळी खसखस पेरलेले वाफेवरचे गोड गोळे, बुख्ती त्यांचं नाव. "उकडीच्या मोदकाची थोरली बहीण," सुखदा म्हणाली, तेव्हा हरीशनं आवंढा गिळला. बुख्तीमुळे की बोलणारीमुळे, ते त्याला ठाऊक.

मग काय... दोघांचंही चीज अंमळ लवकर संपू लागलं. दर आठवड्याला जमियात गाठ. त्यानं सांगायचं, तिनं हसायचं. कुणी पुढचा शब्द काढेना.

आणि एक दिवस तो म्हणाला, "पुण्यात नोकरी मिळालीय. महिनाअखेर निघतो."

"अभिनंदन," सुखदा म्हणाली. आणि चीज न घेताच निघाली.

असमाखालांचे गुडघे अधू, नजर नव्हे. मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या, "बिन्ती, उस लडके को जुम्मा के दिन इधर खाने पे बुलाओ. तुम्हारा मुंह देख के मेरा घुटना दुखता है." बिन्ती म्हणजे लेक. लेकीला ऐकावंच लागतं.

शुक्रवारी खालांच्या स्वयंपाकघरात बुंदीच्या झाऱ्यावर पीठ घासून सुखदानं हलुश्की केले. हरीशनं कांदा चिरला. डोळे पुसायला दोघांनाही सोयीचं कारण मिळालं.

जेवताना तो एक वाडगा संपवून म्हणाला, "नो, नो... बस झालं."

तिनं आणखी एक डाव वाढला.

"अहो, नो म्हटलं की!"

"तिकडे स्लोव्हाकियात बोलताना नो म्हणजे हो. मी पहिल्या दिवशी चार वेळा नो म्हटलं आणि चार डाव खाल्ले."

हरीश हसला. मग हसू विरलं. खालांनी खुर्चीत डोळे मिटून घेतले होते. त्यानं चमचा खाली ठेवला.

"सुखदा... मी गेलो, तर चालेल तुम्हाला?"

तिचा हात वाडग्याच्या काठावर थांबला.

"नो."

खिडकीतून समुद्राकडचा वारा आला. हरीश तिच्याकडे पाहत राहिला.

"हे... कुठल्या भाषेतलं?"

आता आली का पंचाईत? एका भाषेत थांब, एका भाषेत खुशाल जा. परक्या शब्दाच्या आड लपायला जावं, तर आडोसाच दुतोंडी निघावा! सुखदाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वाढायचा डाव तिनं खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडलं.

"मराठीत सांगते. नाही चालणार मला. तू जाऊ नकोस, हरीश."

मग टेबलावरचा तिचा हात त्यानं असा धरला, जसं गरम भांडं धरावं — जपून, आणि न सोडता.

"एवढंच ऐकायला थांबलो होतो की," तो म्हणाला. "पुण्याला आजच 'नाही' म्हणून कळवतो."

"खलास?" मिटल्या डोळ्यांनीच खालांनी विचारलं. "फैसला हो गया? तो अब मेरे को भी दो. ठंडा हो रहा है."

गोष्ट इथं संपली. लग्न झालं, तेव्हा खालांनी खुर्चीत बसूनच दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. नमाजही त्या खुर्चीवर बसूनच पढतात; कपाळ जमिनीला टेकवायची त्यांची ओढ अजून पुरी झालेली नाही. तेव्हा मायबाप, तुमचे गुडघे तुम्हाला वाकू देत असतील, तर आज देवापुढे वाकाल तेव्हा आमच्या असमाखालांची तेवढी आठवण ठेवा.